येते हं

१

आमच्या धंद्यात मला सगळे 'टाळी' म्हणतात. खरं नाव घेऊन कुणी विचारलं तर माझ्या हाताखालची पोरंच म्हणतील, असा कोणी इथे नाही. सभागृहांत माईक आणि स्पीकर लावायचं माझं काम. कुठल्याही नव्या हॉलमध्ये शिरलो की मी आधी मधोमध उभा राहतो आणि एक खणखणीत टाळी देतो. ती कशी परत येते त्यावरून मला कळतं स्पीकर कुठे टांगायचे आणि माईक कुठे शिट्टी मारणार. रिकामा हॉल टाळी परत देतो, भरलेला हॉल ती खातो. माणसं आवाज खातात हो, कपड्यांसकट. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये झकास जमवलेला आवाज संध्याकाळी गर्दी झाली की बसतो, आणि आयोजक माझ्या नावाने खडे फोडतात.

शांततेचंही तसंच आहे. नवख्याला वाटतं, शांतता ती शांतता. छे! रिकाम्या हॉलची शांतता वेगळी आणि गप्प बसलेल्या हॉलची वेगळी. माझे डोळे बांधून कुठेही उभं करा, कुठली कोणती ते सांगतो.

ही खोड घरीही सुटलेली नाही. दार उघडून आत आलो की एक टाळी. आमची बाहेरची खोली लांबट, सामान बेताचं, त्यामुळे टाळी मस्त खणकते. मग स्वयंपाकघरातून बायको ओरडते, "आले, आले! टाळ्या पिटून बोलवायला मी काय कबूतर आहे?"

तिचीही एक खोड आहे. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपण सगळेच करतो. पण आपण ते माणसांना म्हणतो. ही शिंप्याच्या बंद दुकानाला म्हणते. बँकेतल्या खिडकीला म्हणते. लग्नानंतर आम्ही तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी कुलूप लावण्याआधी आतल्या रिकाम्या भिंतींना हिने मान वाकडी करून सांगितलं, "येते हं." मी म्हणायचो, "अगं, परत कशाला येतेस? भाडं वाढवलंय त्यांनी." ती म्हणायची, "असं नुसतं उठून जाऊ नये हो. वाईट दिसतं."

मागच्या वर्षी तिचं मोठं दुखणं झालं. बरी होऊन निघाली तेव्हा वॉर्डच्या दारात वळून नर्सला म्हणाली, "येते हं." नर्सने कपाळावर हात मारला. "अहो बाई, इथे तरी असं म्हणू नका!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, आणि खाली उतरताना जिन्याच्या वळणावर तोंड फिरवून रडून घेतलं. ती माझ्या शेजारून स्वतःच्या पायांनी उतरत होती, आणि असं होईल याची खात्री मला कोणत्याही डॉक्टरने दिली नव्हती.

२

अंगात जरा ताकद आल्यावर तिला कुठेतरी हिंडायला न्यायचं ठरलं. समुद्राजवळ एका टेकाडावर जुनं चर्च आहे, परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेलं. ते राज्य गेलं, वस्ती गेली, छप्पर पडलं, आता नुसत्या चार उंच भिंती, कमानी आणि घंटेविना मनोरा. आत गवत. गवतातून मधूनमधून थडग्यांच्या फरश्या डोकावतात, त्यावरची अक्षरं पायांनी झिजून गुळगुळीत झालेली. पर्यटक येतात, मनोऱ्याचे फोटो काढतात, जातात.

बायको फरश्यांवरची अक्षरं बोटाने चाचपत फिरायला लागली. मी मधोमध उभा राहिलो आणि टाळी दिली.

उघड्यावरची टाळी वर जाते आणि संपते. बाजूला उंच भिंती असतील तर एखादा फटका परत येतो. इथे दोन्ही झालं नाही. टाळी माझ्या हातांशीच मेली, गादीत तोंड खुपसून ओरडावं तशी. मी वर पाहिलं. वर ऊन आणि आभाळ.

"गवत," मी स्वतःशी म्हणालो. गवत आवाज खातं, शेवाळं खातं. पण घोट्याएवढ्या गवताने किती खावं? मी डावीकडे सरकून टाळी दिली. मेली. उजवीकडे गेलो. मेली. मग दारापासून समोरच्या दगडी ओट्यापर्यंत सरळ मधून चालत गेलो आणि चालता चालता टाळ्या देत राहिलो. त्या मधल्या पट्ट्यात त्या जरा बऱ्या वाजत होत्या.

मला हा प्रकार चांगला माहीत आहे. दोन्ही बाजूंना रांगा बसलेल्या असल्या आणि मध्ये जायची वाट मोकळी असली की अगदी असंच होतं.

"झालं का तुमचं?" बायको म्हणाली. "लोक बघतायत." लोक म्हणजे एक जोडपं होतं, तेही कमानीबाहेर पाठमोरं.

राखणदाराने बाहेरून हाक मारली, बंद करायची वेळ झाली म्हणून. म्हातारा माणूस, हातात किल्ल्या. तो उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलत होता. आम्ही दारापर्यंत आलो. मी बाहेर पडलो. बायको उंबऱ्यावर थांबली, वळली, मान वाकडी केली आणि त्या गवताला म्हणाली, "येते हं."

आतली शांतता बदलली.

आता हे मी कसं सांगू? आवाज कसलाच झाला नाही. उलट काहीतरी थांबलं. पडदा वर जातो, गाणारा माईकजवळ येतो, आणि हॉलभर चाललेली चुळबुळ, खोकणं, कपड्यांची सळसळ एकदम थांबते, तसं. ती चुळबुळ इतका वेळ चालू होती हे मला ती थांबल्यावर कळलं. आणि मग एकच श्वास, बऱ्याच जणांनी मिळून आत घेतलेला. काहीतरी म्हणण्याआधी घेतात तसा.

"कोणाला म्हणालात?" राखणदाराने विचारलं.

"कोणाला नाही हो," बायको हसली. "सवय आहे."

"सवय," तो म्हणाला. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता त्याने हात लांब करून दार ओढलं आणि कुलूप घातलं. आम्ही उतारावर लागलो तरी तो तिथेच उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता.

३

घरी आलो. दार उघडलं, बॅगा ठेवल्या, टाळी दिली.

मेलेली टाळी.

बायको माझ्या मागून आत आली आणि म्हणाली, "आज टाळी नाही वाटतं?"

"दिली की आत्ता."

"काहीतरीच. मला कशी ऐकू नाही आली?"

प्रवासाने कान बंद झाले असतील, असं म्हणून मी बॅगा उघडायला घेतल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी पडदे काढले, सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली, खुर्च्या गॅलरीत नेऊन ठेवल्या. "अहो, घर लुटलं गेल्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली. त्या उघड्याबोडक्या खोलीत टाळी घुमायला हवी होती. ती हातातच बसत होती. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कानात नळ्या घालून पाहिलं आणि तुमच्या वयाला हे कान म्हणजे चैन आहे म्हणाला. कामावर कुठलाही हॉल पूर्वीसारखाच बोलत होता. माझं घर तेवढं बोलत नव्हतं.

मी डोकं चालणारा माणूस आहे, भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. म्हणून धंद्यात करतो तेच केलं. ती घरात नसताना एकेका कोपऱ्यात उभं राहून टाळी दिली. ठीक होतं. किंचित बसकं, पण ठीक. ती परत आली, सोफ्यावर बसली, आणि मी पुन्हा फिरलो. तिच्यापासून लांब जावं तशी टाळी सुधारत होती. तिच्याजवळ जावं तशी मरत होती. अगदी तिच्या सोफ्यामागे उभा राहिलो तर हात आपटल्याचं तळव्यांना कळायचं, कानांना नाही.

"काय लावलंय?" ती म्हणाली. मान वर करून बघणारा तिचा चेहरा बरा झालेला, भरलेला, गोरटेला दिसत होता. मला तिला तिथून ओढून घट्ट धरावंसं वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. खांदा तिचाच होता. पण माझा हात तिथे पोचेपर्यंत, गर्दीत हात घालून कुणालातरी शोधावं तसं मला वाटलं होतं.

मग मी तिच्याकडे नीट बघायला लागलो. रिकाम्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाताना ती अंग तिरकं करायची. पाय उचलून जपून टाकायची, साडीचा घोळ आवरून, नाटकाला उशिरा पोचल्यावर रांगेतल्या गुडघ्यांमधून जातो तशी. सोफ्यावर अगदी कडेला बसायची. एकदा पेपर वाचता वाचता, वर न बघता म्हणाली, "सरका जरा."

मी समोर खिडकीशी उभा होतो.

"कोणाला म्हणालीस?"

"कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली. आणि सोफ्यावर थोडी आत सरकून ऐसपैस बसली.

४

त्यानंतर एका सकाळी ती शिंप्याकडे निघाली. मी दाढी करत होतो. चपला घातल्याचा आवाज आला, कडी काढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "जाते हं."

मी सवयीने "हं, ये," म्हणूनही बसलो. मग आरशात माझंच तोंड पांढरं पडताना दिसलं.

साबणाच्या फेसासकट मी जिना उतरलो. ती खालच्या वळणावर होती. "काय म्हणालीस तू?"

"अहो, तोंड पुसा आधी!"

"निघताना काय म्हणालीस?"

"जाते म्हटलं." तिने मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "आता येते कसं म्हणू? एकदा एका ठिकाणी येते म्हटल्यावर दुसरीकडे कसं म्हणायचं? तिथे म्हणून आलेय ना मी."

"तिथे कुठे?"

तिचा चेहरा गोंधळला. आपण काय बोललो ते तिलाच आत्ता ऐकू आलं होतं. कठड्याला धरून ती खाली पायरीवर बसली. "मला नाही हो माहीत," ती म्हणाली. "मी कुठे काय म्हटलं?"

तिला वर आणलं. दाराशी उभी केली, आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हटलं, "म्हण. येते."

ती तोंड उघडायची. जीभ लागायची. "ज," म्हणायची. आम्ही पुन्हा पुन्हा केलं. मी चिडलो, ओरडलो, "एवढं सोपं तर आहे!" मग ती रडायला लागली आणि मी तिच्या पायाशी बसून रडलो. हॉस्पिटलच्या जिन्यात मी जे काही परत मिळालं म्हणून रडलो होतो, ते पुन्हा हातातून निसटत होतं, आणि या वेळी त्याला औषध नव्हतं, डॉक्टर नव्हता, नुसता एक शब्द होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "फार गर्दी वाटते हो घरात. सगळे थांबलेत असं वाटतं. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होत असला की मला कसंतरी होतं. तुम्हाला माहितीये ना माझा स्वभाव."

माहीत होता. त्याचीच मला भीती वाटत होती. कुणाला ताटकळत ठेवणं हिला आयुष्यात जमलेलं नाही.

५

मी तिच्या बहिणीला बोलावून घेतलं. माझी मेहुणी म्हणजे धडधाकट, मोठ्या गळ्याची बाई, तिच्यापुढे यमसुद्धा रांगेत उभा राहील. मी तिला एवढंच सांगितलं की हिला एकटीला सोडू नकोस, दाराबाहेर जाऊ देऊ नकोस, मी संध्याकाळपर्यंत येतो. 'येतो' मी मोठ्याने आणि नीट म्हटलं.

"भाऊजी, काळजी करू नका," मेहुणी म्हणाली. मग कान चोळत म्हणाली, "तुमच्या घरात माझा आवाज असा का येतोय? घशातच अडकल्यासारखा."

बायको मला सोडायला दारापर्यंत आली, तिरकी होत होत. "लवकर जाऊन या," म्हणाली. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. तिचा घसा खाकरायचा एक छोटासा आवाज आहे, बोलायच्या आधी काढते तो, तो तिने काढला. पण बोलली काहीच नाही.

गाडीत बसून मी ठरवत होतो की जाऊन करायचं काय. शब्द दिलाय तर तो परत घ्यायचा. तिने सवयीने म्हटलं, मनापासून नाही, तेव्हा धरून बसू नका, असं सांगायचं. कुणाला, ते मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर गाडी वळवावी लागली असती. तुम्हाला हसायचं असेल तर हसा. बायकोला हॉस्पिटलमधून जिवंत घरी आणलेल्या माणसाला मी ही गोष्ट सांगतोय असं समजतो, तो हसणार नाही.

६

भर दुपार होती. राखणदाराने मला ओळखलं. माझ्या मागे पाहिलं, कोणी नाही असं बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं. कुलूप काढून तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसला.

मी आत गेलो. मधोमध उभा राहिलो. घसा साफ करून म्हणालो, "त्या दिवशी आमची बायको येते म्हणाली. ते आमच्यात असंच म्हणायची रीत आहे. ती येणार नाही."

माझा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन लख्ख परत आला. नाही, नाही, नाही.

मी थबकलो. टाळी दिली. टाळी चाबकासारखी कडाडली, भिंतीभिंतींवरून उड्या मारत मनोऱ्यात शिरली आणि तिथून वर गेली. डावीकडे जाऊन दिली. उजवीकडे दिली. जिकडेतिकडे तीच. इतकी स्वच्छ टाळी मी वर्षानुवर्षांत ऐकली नव्हती. कोणी नव्हतं. जे सांगायला आलो होतो ते ऐकायलाच तिथे कोणी नव्हतं. ती रिकाम्या जागेची टाळी होती, सगळे उठून गेल्यानंतरची.

मला क्षणभर हायसं वाटलं, मूर्खासारखं. आणि मग कळलं की सगळे उठून गेले असतील तर कुठे गेले असतील. माझ्या घरात मेहुणीचा आवाज घशात का अडकत होता.

मी खिशातून फोन काढला. नंबर लावायला घेतला. तेवढ्यात तोच वाजला. घरचा नंबर.

"अहो," बायको म्हणाली. "पोचलात का?"

"पोचलो. तू कुठे आहेस? बहीण कुठे आहे?"

"इथेच आहे, बाजूला, डोळा लागलाय तिचा." तिचा आवाज स्वच्छ होता, आणि त्याच्या मागे माझं घर होतं. फोनमधूनही मला ते ऐकू येत होतं. भिंतीवरून काही परत येतच नव्हतं. खचाखच. कपड्यांची सळसळ, एक खोकला, पाय सरकवल्याचा आवाज. "मला आता खूप बरं वाटतंय हो. उगीच घाबरले होते मी. तुम्ही तिथे आहात ना?"

"हो, इथेच आहे. ऐक, मी लगेच निघतो, तू फक्त—"

"थांबा ना तिथेच," ती म्हणाली. तिने घसा खाकरला. मागची सळसळ थांबली. सगळी, एकदम. आणि त्या शांततेत ती नेहमीच्या सुरात म्हणाली, मला मान वाकडी झालेली दिसली इतक्या नेहमीच्या सुरात, "येते हं."

फोन बंद झाला.

आणि मला आनंद झाला. खोटं का सांगू? रडून, ओरडून, पाया पडून जो शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता तो निघाला होता. म्हणाली! येते म्हणाली! मी मोठ्याने हसलोसुद्धा.

हसण्याचा आवाज परत आला नाही.

मी हात वर केले आणि टाळी दिली. तळव्यांना कळली, कानांना नाही. दोन्ही बाजूंचं गवत वाऱ्याशिवाय रांगेरांगेने खाली बसत चाललं होतं, दारापासून ओट्याकडे, निवांत, जागा ठरलेल्या माणसांसारखं. मधल्या वाटेवरचं गवत तेवढं उभं होतं. बाहेर राखणदार दगडावरून उठला होता आणि आमच्याकडे पाठ करून उभा होता.

फोन पुन्हा वाजला. मेहुणीचा नंबर होता. ती काय सांगणार आहे ते ती सांगेपर्यंत खरं नव्हतं, म्हणून मी तो वाजू दिला. मग तो वाजता वाजताच ऐकू येईनासा झाला.

माझ्या डाव्या कानाशी घसा खाकरल्याचा छोटासा आवाज आला.

"सरका जरा," ती म्हणाली.

मी सरकलो.